एकाच घराच्या दोन जमिनी

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीला दोन छिद्रं असत. एकावर 'ए' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'ई'. 'ए'मध्ये एरियलची तार जाई. माळवदावर दोन बांबू रोवून त्यांच्यात ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी दिसली, की त्या घरात रेडिओ आहे हे रस्त्यावरूनच कळे. 'ई' म्हणजे अर्थ. त्या छिद्रातली तार भिंतीतून बाहेर निघून न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, कायम ओल राहणाऱ्या जागी पुरलेल्या लोखंडी सळईला बांधलेली असे. लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावून बिनाका गीतमाला ऐकणाऱ्यांना त्या सळईचा फायदा कानाला जाणवे. खरखर कमी होई. काळजी घेणाऱ्या घरांत एरियल आणि सळई यांच्यामध्ये एक खटकाही असे. आभाळ भरून आलं की तो पाडायचा, म्हणजे एरियल सेटपासून तुटून थेट जमिनीला जोडली जाई.

मग ट्रान्झिस्टर आला. एरियल फेराइटच्या कांडीच्या रूपात सेटच्या पोटात गेली, सेलवर चालणाऱ्या त्या डब्याला 'ई'चं छिद्र उरलं नाही, आणि एरियलला जमीन द्यायची असते ही गोष्ट लोकांच्या डोक्यातून निघून गेली. एरियल मात्र परत आल्या आहेत. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावात आज कुठल्याही गल्लीतून वर पाहिलं, तर डिशच्या छत्र्या, इंटरनेटचे लोखंडी पाईप, सौर पॅनेलचे सांगाडे दिसतात. त्यांतल्या कितींना जमीन दिलेली आहे, हे पाहायला गच्चीवर चढलं तर बहुतेक ठिकाणी पाईप सिमेंटमध्ये रोवलेला आणि केबल खिडकीतून सरळ आत गेलेली आढळते.

हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे हॅमचं, प्रकरण याहून मोठं. केंद्र सरकारची परीक्षा देऊन वयाच्या १२व्या वर्षापासून हा परवाना घेता येतो. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलायचं तर अर्ध्या तरंगाची साधी तारेची एरियलसुद्धा सुमारे २० मीटर लांब होते, आणि ती उंच टांगावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा संदेशवहनाच्या मदतीला हॅम मंडळी धावून आली होती. मराठवाड्यात या छंदाचं मोल सांगायला आणखी दाखला नको. पण २० मीटर तार उघड्या आभाळाखाली ताणायची आणि तिचं दुसरं टोक टेबलापर्यंत आणायचं, म्हणजे विजेसाठी वाट तयार करणंच आहे. ती वाट कुठे संपेल हे आधी ठरवलेलं बरं.

भोकरदन अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला, केळणा नदीच्या काठी वसलेलं. इथे वीज दोन वेळा विशेष पडते. एकदा एप्रिल-मे पासून जूनच्या पेरण्यांपर्यंत, वळवाच्या ढगांतून. आणि पुन्हा परतीच्या पावसात, कापूस नि मका शेतात उभा असताना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये देशात २,८८० आणि २०२२ मध्ये २,८८७ माणसं विजेनं गेली. यातले बहुतेक मृत्यू घरात होत नाहीत. शेतात, झाडाखाली, गुरांमागे होतात. घरात वीज येते ती तारेवरून.

तारेवरून घरात आलेल्या विजेचा इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक गेओर्ग रिखमन. छपरावर लोखंडी सळई उभारून तिची तार त्यांनी खोलीतल्या मोजणीच्या उपकरणापर्यंत आणली होती. सळई मुद्दाम जमिनीपासून वेगळी ठेवलेली, कारण वादळातला विद्युतभार साठवून मोजायचा होता. ६ ऑगस्ट १७५३ रोजी वादळ आलं. रिखमन उपकरणाजवळ वाकले आणि तिथून निघालेला लोळ त्यांच्या कपाळावर बसला. ते जागीच गेले, शेजारी उभा असलेला चित्रकार बेशुद्ध पडला. आज गच्चीवर रोवलेला, खाली जमीन न दिलेला आणि केबलनं आतल्या सेटला जोडलेला पाईप ही विजेच्या दृष्टीनं रिखमनच्या खोलीचीच मांडणी आहे. फक्त टोकाला उपकरणाऐवजी टीव्ही असतो.

यावर गावात हमखास ऐकू येणारं उत्तर असं, की अर्थिंग केलं तर वीज उलट ओढली जाईल. तसं होत नाही. वीज कुठे पडायची हे मुख्यतः उंचीवर ठरतं, आणि पाईप उभारला तेव्हाच ती उंची तयार झालेली असते. जमिनीतली सळई एवढंच ठरवते, की पडलेली वीज घराबाहेरून खाली जाईल की घरातून.

'अर्थिंग' या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळी कामं मोडतात आणि घोटाळा तिथूनच होतो. पहिलं काम मिक्सर किंवा पंपाच्या अंगाला करंट आला तर तो जमिनीत नेऊन माणूस वाचवायचं. दुसरं रेडिओलहरींचं, उभ्या पाव-तरंगाच्या एरियलला खाली तारांचं जाळं लागतं, मात्र मधोमध केबल जोडलेल्या आडव्या एरियलला जमिनीची गरजच नसते. म्हणून हॅम म्हणतो, माझी एरियल बिनाअर्थची छान चालते. तो खरंच बोलतो, पण ते दुसऱ्या कामाबद्दल. तिसरं काम विजेचं, आणि त्याचे आकडेच वेगळ्या जातीचे आहेत. घरचा फ्यूज १५-२० अँपिअरला उडतो. विजेच्या एका मध्यम झोताचा शिखरप्रवाह ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो.

आता सळई ठोकायची ती भोकरदनच्या जमिनीत. तिथे वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण असे थर लागतात. काळी माती विद्युतवाहक म्हणून उत्तम. तिच्यातल्या बारीक चिकणमातीचे कण पाणी आणि क्षार धरून ठेवतात. बाजारात अर्थिंगच्या खड्ड्यासाठी बेंटोनाइट नावाची पावडर विकत मिळते; तिच्यातली आणि काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती एकाच कुळातली. म्हणजे शहरातला माणूस जे पोत्यातून विकत आणतो, त्याचा भाऊबंद इथे शेतात पडलेला आहे.

गावठाणात मात्र पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती. भोकरदनचं जुनं गावठाण शतकानुशतकांच्या वस्तीवर उभं आहे: हे सातवाहनकाळातलं भोगवर्धन, इथल्या लोकांच्या दानाचे लेख सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी जुळते. अशा जागी खड्डा म्हणजे विटांचे तुकडे, राख, खापरं यांचा भुसभुशीत भराव. तो लवकर वाळतो आणि सळईला घट्ट धरत नाही, त्यामुळे जमेल तिथे मूळ मातीपर्यंत खोल जावं लागतं. खड्ड्यात कोरीव काही लागलं तर पहार बाजूला ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावं. या मातीत ते अगदी शक्य आहे.

काळ्या मातीची खोड मे महिन्यात कळते. ती वाळते, आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सळईच्या वरच्या भागाभोवतीची माती तिला सोडून देते. आणि वर्षातली पहिली वीज पडते ती नेमकी याच दिवसांत, पाऊस मुरायच्या आधी. म्हणून इथलं अर्थिंग ऑगस्टच्या चिखलावर जोखून चालत नाही.

आकड्यांत पाहू. भारतीय मानक ३०४३ नुसार गॅल्व्हनाइज्ड सळई किमान १६ मिलिमीटर जाडीची आणि अडीच मीटर लांबीची हवी. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटर धरली, तर अशा एका सळईचा जमिनीशी रोध सुमारे ३.९ ओहम येतो. हीच सळई १६ ऐवजी २५ मिलिमीटर जाडीची घेतली, तर रोध घटून ३.६ होतो, म्हणजे फायदा जवळपास काहीच नाही. लांबी दुप्पट, पाच मीटर केली तर मात्र २.२. दुकानदार जाड सळईचे पैसे जास्त घेतो. घेणाऱ्यानं पैसे लांबीवर घालावेत. आता मे महिना धरा. वरचा एक मीटर भेगांनी निकामी झाला, उरला दीड मीटर. रोध सहा ओहमवर गेला. आणि सळई मुरमात असेल, जिथे रोधकता सहज १०० ओहम-मीटर धरावी लागते, तर तो आकडा ३९. पाषाणात शेकड्यांच्या घरात.

ठोकणं हे हिशेबापेक्षा अवघड काम. पहारीनं हातभर खोल भोक करून त्यात पाणी सोडायचं, माती मऊ होऊ द्यायची, मग सळई घालून वर-खाली करत जेवढी हातानं जाईल तेवढी जाऊ द्यायची. पुढे घण. घणाचा घाव थेट सळईच्या डोक्यावर घातला की ते फुलासारखं पसरतं आणि क्लॅम्प बसत नाही, म्हणून वर लोखंडी टोपी ठेवतात. काळ्या मातीत घाव 'धप्' असा दबका वाजतो. मुरूम लागला की आवाज कोरडा होतो. आणि एका घावाला सळई 'टण्' करून हाताला झिणझिण्या आणते, तेव्हा खाली पाषाण आहे. इथे बरेच जण हट्टानं ठोकत राहतात. सळई आत वाकते, तिच्यावरचा जस्ताचा किंवा तांब्याचा थर खरवडला जातो, आणि सहा महिन्यांत तिथून गंज सुरू होतो. काही जण त्याहून वाईट करतात: वर उरलेली सळई ब्लेडनं कापून टाकतात.

पाषाण लवकर लागला तर आडवं जावं. अर्धा मीटर खोल चर खणून त्यात २५ बाय ४ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड पट्टी पुरायची, मानकाप्रमाणे किमान १५ मीटर, घराच्या कडेनं. चरात मुरूम-दगड न टाकता चाळलेली काळी माती पाणी मारून दाबून भरायची. मधूनमधून जिथे खोली मिळेल तिथे सळया ठोकून त्या पट्टीला जोडायच्या. दोन सळयांमधलं अंतर निदान एका सळईच्या लांबीएवढं, दुप्पट असेल तर उत्तम; जवळजवळ ठोकलेल्या दोन सळया एकाच मातीवर भार टाकतात आणि दुसरीचे पैसे वाया जातात. जुन्या बोअरला लोखंडी केसिंग असेल तर तीही जोडून घ्यावी. कोळसा-मिठाचा खड्डा आपल्याकडे अजून लोकप्रिय आहे. मीठ पहिली काही वर्षं रोध कमी दाखवतं, पण पावसाबरोबर वाहून जातं आणि तोवर पाईपाचं लोखंड खाऊन ठेवतं.

इथपर्यंतचं सगळं नीट जमलं, चार ओहमचं सुंदर अर्थिंग मिळालं, असं समजू. मग त्यावर वीज पडते. ३०,००० अँपिअर गुणिले चार ओहम म्हणजे १,२०,००० व्होल्ट. सळई, तिच्याभोवतीची माती, तिला जोडलेला पाईप आणि केबलचं धातूचं आवरण हे सारं क्षणभर सव्वा लाख व्होल्टच्या आसपास चढतं. चार ओहम असतानाही. सळई 'वीज गिळून टाकते' ही समजूत इथेच संपायला हवी.

घरातल्या रेडिओला मात्र दोन बाजू आहेत. एरियलची केबल एकीकडून आलेली, तिचं नातं या नव्या सळईशी. विजेची वायर दुसरीकडून आलेली, तिचं नातं मीटरजवळच्या जुन्या अर्थिंगशी आणि महावितरणच्या खांबावरच्या न्यूट्रलशी. जुनी जमीन शून्यावर, नवी सव्वा लाखावर, आणि दोघींच्या मध्ये टेबलावर रेडिओ. घरच्या वायरिंगचं इन्सुलेशन काही हजार व्होल्टपर्यंत तग धरतं. फरक त्यापलीकडे गेला की वीज रेडिओतून, बोर्डातून, कधी त्याला हात लावून बसलेल्या माणसातून आपला रस्ता काढते. जुन्या अर्थिंगला 'त्रास नको' म्हणून एरियलसाठी मुद्दाम वेगळी, स्वतंत्र सळई ठोकणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो.

उपाय म्हणजे घरातल्या सगळ्या अर्थिंग जमिनीपाशीच एकमेकींना जोडायच्या. एरियलची सळई, मीटरचं अर्थिंग, सौर पॅनेलचं, बोअरच्या मोटारीचं, सगळं. जोडतार निदान १६ चौरस मिलिमीटर तांब्याची, किंवा लोखंडी पट्टी. मग वीज पडली तर सगळं घर एकदम वर चढतं आणि एकदम खाली येतं. पुरात होडी पाण्याबरोबर दोन पुरुष वर गेली तरी आत बसलेल्याचे पाय कोरडे राहतात, तसं. माणसाला आणि यंत्राला मारतो तो फरक. तो घरात शिरू दिला नाही, तर चारऐवजी आठ ओहम आले तरी फार बिघडत नाही. आणि फरक राहू दिला, तर एक ओहमचं अर्थिंगही कामाचं नाही. जोडणीआधी एक गोष्ट तपासावी लागते. पुष्कळ जुन्या घरांत मीटरजवळ अर्थिंगच नसतं, तिसऱ्या पिनची वायर बोर्डात गुंडाळून ठेवलेली असते. तिथे आधी ते करायचं, वायरमनकडून, मेन बंद करून, एरियल त्यानंतर.

केबल घरात शिरते तिथे, भिंतीच्या बाहेरच, एक धातूची पाटी बसवावी. केबलचं आवरण तिला जोडलेलं, आतल्या तारेवरचं जादा व्होल्टेज पाटीकडे वळवणारा, वायू भरलेला अरेस्टर तिच्यावर बसवलेला, आणि पाटीपासून आखूड पट्टी सरळ खाली सळईला. 'आखूड' आणि 'सरळ' हे दोन शब्द इथे फार महत्त्वाचे. एक मीटर तारेचं प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री असतं. एका मायक्रोसेकंदात १०,००० अँपिअर या वेगानं प्रवाह चढला, तर त्या एका मीटरच्या दोन टोकांत १०,००० व्होल्टचा फरक पडतो, तार कितीही जाड असली तरी. तीन मजल्यांवरून वळणं घेत आलेली, उरलेली लांबी शेवटी वेटोळं करून टांगलेली तार म्हणजे विजेला अडवणारं दारच. मग वीज भिंत फोडून जवळच्या नळात किंवा गजात उडी मारते. काटकोनातले वाकडे कोपरेही टाळावेत, पट्टीला मोठा बाक द्यावा.

तांब्याची तार आणि जस्त चढवलेला पाईप थेट एकमेकांवर आवळले की ओलीत दोन-तीन पावसाळ्यांत सांधा खाल्ला जातो. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला क्लॅम्प घालतात. तांब्याचा मुलामा असलेली सळई घ्यायची तर थर २५० मायक्रॉनचा हवा; नुसती तांबूस दिसणारी पातळ मुलाम्याची सळई दगडाला घासली की उघडी पडते.

सळईची जागा निवडताना गोठा आठवावा. वीज मातीत पसरते तेव्हा सळईजवळच्या जमिनीवर पावलागणिक व्होल्टेज बदलतं. १० ओहम-मीटरच्या काळ्या मातीत ३०,००० अँपिअर शिरले, तर सळईपासून पाच मीटरवर माणसाच्या एका पावलाएवढ्या अंतरात सुमारे १,२०० व्होल्टचा फरक निघतो. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर दीड मीटर, तिथे २,२०० व्होल्ट, आणि ते तिच्या छातीतून जातात. मुरमात हेच आकडे दहापट. झाडाखालची गुरं एका विजेत रांगेनं पडतात, त्यामागचं एक मोठं कारण हे. म्हणून सळई गोठ्यालगत, दाराच्या पायरीपाशी किंवा मुलांच्या खेळायच्या जागी नको. न्हाणीच्या सांडपाण्याजवळची ओल चांगली, पण तिथे गाय बांधत असाल तर दुसरी जागा शोधावी.

काम झाल्यावर मोजणी करावी. अर्थ टेस्टरच्या तीन तारा असतात: एक सळईला, दुसरी सुमारे ३० मीटरवर ठोकलेल्या खिळ्याला, तिसरी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवरच्या खिळ्याला. सळई त्या वेळी इतर अर्थिंगपासून तात्पुरती सोडवलेली हवी, आणि ती सोडवण्याआधी मेन बंद. शहरात एवढी मोकळी जमीन मिळत नाही. इथे घरामागेच शेत असतं. विजेसाठी १० ओहमच्या आत आकडा आला की समाधान मानावं, पण तो मे महिन्यातला असावा. सळईच्या डोक्याभोवती झाकणाचा छोटा चौकोनी हौद बांधून ठेवला तर दरवर्षी वळवाच्या आधी क्लॅम्प आवळता येतो, गंज पाहता येतो आणि मातीला दोन बादल्या पाणी देता येतं.

एवढं करूनही वादळात रेडिओवर बोलत बसायचं नसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोबाईल अ‍ॅप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत पडणाऱ्या विजा दाखवतं. मोबाईलला रेंज नसेल तर चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून तिनानं भागावं, किलोमीटर निघतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला की वीज १० किलोमीटरच्या आत आहे. एरियलची केबल त्याआधी, ढग अजिंठ्याच्या डोंगराकडे दिसू लागले तेव्हाच, भिंतीबाहेरच्या पाटीपाशी सोडवायची आणि सेटची पिन सॉकेटातून काढायची. केबल घरात आणून टेबलामागे मोकळी टाकणं धोक्याचं, कारण तिचं उघडं टोक खोलीतच राहतं. आणि जवळच गडगडाट सुरू झालेला असेल, तर केबल सोडवायला गच्चीवर किंवा पाटीकडे जायचंच नाही. तेव्हा सेट जातो तर जाऊ द्यावा.